नखांमधली खिडकी

तो आला होता बायकोच्या डोळ्यांसाठी.
मोतीबिंदूच्या शिबिरात झेलाबाईचं नाव घालायचं होतं,
संमतीच्या कागदावर नवऱ्याचा अंगठा हवा होता.
अंगठा चौकोनात मावेना.

तेव्हा मी मान वर केली.

एरंडोलचं ग्रामीण रुग्णालय, एप्रिलची दुपार,
पंखा गरम हवा नुसती इकडची तिकडे ढकलतोय,
आणि माझ्या टेबलावर, शाईने माखलेला,
तो हात.

बोटांची टोकं फुगलेली, ढोलाच्या टिपरूसारखी.
नखं घुमटदार, जुन्या मनगटी घड्याळाची काच जशी.
नख जिथे कातडीतून निघतं
तिथली छोटीशी उतरण बुजून गेलेली,
दाबलं तर खालचं मांस ओल्या भुईसारखं हलतं.

"आप्पा, बोटं अशी कधीपासून?"
"कामना हात शेतस, ताई...
असाच... ऱ्हातस."
जिथे स्वल्पविरामही नव्हता
तिथे तो दोनदा थांबला.

नाव सुपडू.
आधीची तीन मुलं जगली नाहीत
म्हणून याला सुपात घालून पाखडला होता आईने,
दृष्ट फोलासारखी उडून जावी म्हणून.
मग अडतीस वर्षं बाजार समितीत हमाली,
दादर, मका, हरभरा,
भिजून बुरसलेली पोतीसुद्धा, पाठीवरून.
आता फक्त पावत्या सांभाळतो.
गुडघ्यामुळे, म्हणाला.

झेलाबाई कोपऱ्यातून बोलली,
तिला विचारलंच नव्हतं कोणी:
"रातले बशीसन झोपस."

श्वास मोजताना मी सांगत नाही की मोजतेय.
नाडी धरल्याचं नाटक करते.
मिनिटाला अठ्ठावीस.
दर श्वासाला मानेचे स्नायू दोर ओढल्यासारखे वर येत होते,
गळ्याच्या खालचा खळगा आत जात होता,
आणि ओठांवर जांभळट छटा,
जी मी क्षणभर पानाची समजले.
तो पान खात नाही.

पाठीवर, अगदी खाली, दोन्ही बाजूंना,
स्टेथोस्कोप टेकवला. "मोठा श्वास घ्या."
श्वास संपता संपता आवाज आला,
बी.पी.च्या पट्ट्याची चिकटपट्टी
कुणीतरी सावकाश उघडत असल्यासारखा.
किंवा लांब कुणी वाळल्या पऱ्हाट्यांतून
चालत येत असल्यासारखा.
खोकायला लावलं. खोकला कोरडा.
आवाज तिथेच.

पावरा सिस्टरने त्याला निंबापर्यंत चालवून आणलं.
जाताना बोटावरचं यंत्र ब्याण्णव दाखवत होतं,
येताना चौऱ्याऐंशी.
तो निंबाखाली थांबला नव्हता, म्हणाला,
चप्पल नीट करत होता.

मग मी त्याचा जुना केसपेपर काढला.
गेल्या दिवाळीची तारीख.
खोकला, चार महिने. पातळ औषध, दोन बाटल्या.
अक्षर माझं.
हाताबद्दल एक शब्दही नाही.
धुळ्याला शिकताना आमचे सर म्हणायचे,
छाती शर्टात लपते, बोटं लपत नाहीत.
मला हे पाठ होतं. परीक्षेत आलंही होतं.

"आप्पा, दोन्ही तर्जनी अशा जोडा.
नखाला नख."
त्याला वाटलं काही व्रत आहे, त्याने डोळे मिटले.
निरोगी माणसाच्या नखांमध्ये इथे
शंकरपाळ्याएवढी नव्हे, तिळाएवढी
एक चौकट उरते, उजेडाची.
मी त्याचे हात खिडकीसमोर धरले.
काही नव्हतं. नखं पाठीला पाठ लावून बंद.

झेलाबाईने पाहिलं, आणि तिनेही केलं,
आपली बोटं त्या झाकोळल्या डोळ्यांपुढे धरून,
बराच वेळ, आणि मग एकदम हसली:
"मन्हामा तं उजेड शे!
तुमनामा काब्र नही?"

तो माझ्याकडे बघत राहिला.

मी चिठ्ठी लिहायला घेतली,
छातीचा फोटो, जळगाव, शक्य तितक्या लवकर.
निदानाची ओळ मोकळी ठेवली. अजून मला माहीत नव्हतं,
एवढंच माहीत होतं की हे गुडघ्याचं नाही.
"शनिवारना बाजार... व्हई गया का जासू," तो म्हणाला.
"उद्या," मी म्हणाले. "सकाळच्या गाडीने."
"आनि हिना डोया?"

संमतीच्या कागदावर अंगठा
चौकोनाच्या चारी बाजूंनी बाहेर सांडला होता.
मी तो तसाच घेतला.